थंडीआधीची गाडी-तपासणी: पिंपळगाव रस्त्यावरचं एक गॅरेज

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत ज्यांना पहाटे गाडी काढावीच लागते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दूधवाले, भाजी घेऊन नाशिक गाठणारे, द्राक्षांच्या पॅकहाऊसवर पहिल्या पाळीला जाणारे आणि माझ्यासारखे जनावरांचे डॉक्टर. आपल्याकडे रस्त्यावर बर्फ पडत नाही हे खरं, पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की त्या सकाळी गल्लीगल्लीत सेल्फ मारल्याचे आवाज ऐकू येतात. नुकती व्यालेली गाय मान टाकून बसली आहे असा फोन पहाटे चारला येतो, तेव्हा कॅल्शियमची बाटली वेळेत लागली तर गाय तासाभरात उठून उभी राहते आणि उशीर झाला तर हातची जाते. अशा वेळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होणं ही माझ्या लेखी चैन नाही.

पिंपळगाव बसवंतहून निफाडकडे येणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड आहे. पुढे कडुनिंब, बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आत एक खड्डा आणि दोन पोरं हाताखाली. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गॅरेजचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही, कारण अण्णांनी तसं सांगितलं आहे. दिवाळीनंतर त्यांच्याकडे तशीच रांग असते. परिसरात कुणालाही विचारा, सांगतील. त्यांच्या 'थंडीच्या चेकिंग'बद्दल मात्र सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

त्यांची अट एकच: गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची आणि सकाळी त्यांच्याआधी कुणी चावी फिरवायची नाही. गरम गाडी काही सांगत नाही, असं ते म्हणतात. आपण सर्व्हिसिंगला गाडी चालवत नेतो, म्हणजे इंजिन तापलेलं, बॅटरी वाटेत थोडी चार्ज झालेली, टायर गरम होऊन फुगलेले. थंडीत जे जे दगा देतं ते सगळं अशा वेळी ठणठणीत दिसतं. रात्रभर गारठलेली गाडीच खरं काय ते दाखवते. म्हणून अण्णा साडेसहाला शेड उघडतात, स्वेटर-माकडटोपीत, आणि चावीला हात न लावता आधी बॉनेट उघडतात.

माझी गाडी डिझेल हॅचबॅक, बीएस-4 म्हणजे धुराच्या आधीच्या नियमांतली. पहिलं काम बॅटरी. मीटरच्या दोन पिना टर्मिनलवर टेकवल्या, आकडा आला 12.3 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. मग पिना तशाच ठेवून पोराला सेल्फ मारायला सांगितला आणि मला म्हणाले, ''ताई, आता आकड्याकडं बघा, इंजिनाकडं नको.'' सेल्फ फिरताना आकडा 9.2 वर आपटला. 9.6 च्या खाली गेला की बॅटरीचं वय झालं असं धरतात. गाडी सुरू झाल्यावर 14.2, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला.

यानंतर नवी बॅटरी गळ्यात मारणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी धरली होती, ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली, वर व्हॅसलिनचा हात फिरवला, बॅटरी दिवसभर चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच चाचणी. पुन्हा 9.4. मगच म्हणाले, बदला. बॅटरी चार वर्षांची होती. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली बॅटरी आतून झिजत असते. तेव्हा हवा गरम आणि ऑइल पातळ, त्यामुळे कमी ताकदीतही इंजिन फिरतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो आणि नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी असतो. उन्हाळ्यात झालेलं नुकसान असं हिवाळ्यात उघडं पडतं.

डिझेल गाडीला आणखी एक दुखणं असतं, ते ग्लो प्लगचं. चावी अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो तो याचाच. सिलिंडरमध्ये आधी थोडी ऊब करून देणं हे त्याचं काम. चारातला एक गेला तर उन्हाळ्यात काही जाणवत नाही, थंडीत मात्र गाडी सुरू होताना थरथरते आणि मागून पांढरा धूर सोडते. अण्णांनी चारही प्लग मीटरने तपासले. तीन एक ओहमच्या आत आले, चौथ्यावर मीटर ढिम्म. काढायची घाई मात्र केली नाही. जुना प्लग हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जाम बसलेला असतो, गार इंजिनात जोर लावला तर तुटून आत राहतो आणि मग हेड उतरवायची वेळ येते. आदल्या संध्याकाळी बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी इंजिन गरम केलं आणि पान्यावर हळूहळू जोर देत काढला. असं काम बघताना मला बरं वाटतं. अडलेलं वासरू ओढतानाही घाईचा जोर चालत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गेल्या हिवाळ्यापासून गाडीचा हीटर कोमट हवा फेकत होता आणि अ‍ॅव्हरेज कमी झालं होतं. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यावर 'विंटर पॅकेज' म्हणून इंजिन फ्लश, डिझेलमध्ये घालायची बाटली आणि खालून कोटिंग असा साडेतीन हजारांचा कार्यक्रम झाला होता. हीटर होता तिथेच राहिला, आणि बॅटरीला तर कुणी मीटरही लावला नव्हता. अण्णांनी गार इंजिन सुरू केलं आणि माझा हात रेडिएटरच्या वरच्या होजवर ठेवायला लावला. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम होतो. माझ्या गाडीचा पाइप पहिल्या दोन मिनिटांतच हळूहळू कोमट व्हायला लागला. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, इंजिनला तापूच देत नव्हता. छोटासा पार्ट, बदलला, सोबत कूलंटही नवीन भरलं. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, मग साधं पाणी का चालत नाही, हा प्रश्न तिथे बसलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारला. अण्णांनी एका जुन्या गाडीतून काढलेला मेटलचा पाइप दाखवला, आतून गंजाने अर्धा बुजलेला. तेवढं पुरलं.

टायरची हवाही गाडी गार असतानाच बघायची. ऑक्टोबरच्या दुपारी पेट्रोल पंपावर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय उतरतो. दुपार आणि पहाट यांत आपल्याकडे वीस अंशांचाही फरक पडतो. त्यामुळे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा छापलेला असतो तो गार टायरसाठी असतो आणि सकाळीच बघायचा असतो. नायट्रोजन भरला की हवा उतरत नाही असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, थंडीत तोही तेवढाच आकसतो. टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद. अण्णा मोजपट्टी घालून बघतात आणि बाजूवरचा चार आकडी तारखेचा ठप्पाही वाचून दाखवतात: 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

आता धुक्याचं. नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे, पहाटे कधी कधी पुढची पांढरी पट्टीसुद्धा दिसत नाही. त्यातून उसाचा गळीत हंगाम सुरू असतो. कादवा कारखान्याकडे किंवा कोपरगावकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. बाजार समितीबाहेर कांद्याचे ट्रॅक्टर अंधारातच रांगेत उभे. इथे आपले दिवे नीट असण्याला फार महत्त्व आहे आणि अण्णा त्यावर भरपूर वेळ घालवतात.

शेडच्या मागच्या चुना मारलेल्या भिंतीवर त्यांनी कोळशाच्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. गाडी ठरलेल्या अंतरावर सपाट जागेत उभी करायची आणि हेडलाइटचा झोत कुठे पडतो ते बघायचं. त्यांनी मला डिकी रिकामी करू दिली नाही. माझ्या डिकीत कृत्रिम रेतनासाठीच्या द्रव नायट्रोजनचं कॅन, औषधांची पेटी, दोर, गमबूट असा संसार कायम असतो. मागे वजन पडलं की पुढचा भाग उचलला जातो आणि दिवे वर बघायला लागतात. धुक्यात वर गेलेला झोत आपल्याच डोळ्यांवर परत येतो आणि समोरच्यालाही आंधळं करतो. गाडी जशी रोज चालते तशीच तपासायची, असा त्यांचा नियम. स्टिअरिंगच्या बाजूची दिवे वर-खाली करायची चकती, जिला मी आजवर हात लावला नव्हता, ती कुठल्या आकड्यावर ठेवायची ते मार्करने खूण करून दिलं.

काचेच्या आत धरणाऱ्या वाफेचा उपायही तिथेच कळला. एसीचा फिल्टर काढला तर त्यात मक्याचं भुसकट आणि धुरळा गच्च बसला होता. नवा घातला. काचेवर वाफ धरली की एसी चालू, हवा गरमवर, बाहेरची हवा आत घ्यायचं बटण सुरू आणि झोत काचेवर. थंडीत एसी कशाला, असं वाटतं, पण हवेतला दमटपणा एसीच काढून घेतो. हाताने किंवा फडक्याने पुसत बसलात तर काच तेलकट होते आणि समोरच्या दिव्यांत तारे फुटल्यासारखं दिसतं.

मका-सोयाबीन निघाल्यावर शेतातले उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात. अण्णा वायरिंगवरून हात फिरवून कुरतडल्याच्या खुणा बघतात आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाला बारीक जाळी लावून देतात. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी ठेवायचा सल्लाही मिळतो. जाळीचा उपयोग नक्की होतो. तंबाखूबद्दल मला खात्री वाटत नाही.

काही गोष्टी पटल्या नाहीत. एअर फिल्टर ते हवेचा झोत मारून साफ करून परत बसवतात. आपल्या कच्च्या रस्त्यांच्या धुळीत कागदी फिल्टरला एवढा जोराचा झोत मारला तर तो आतून फाटू शकतो. मी दर वेळी नवा घ्यायला लावते आणि तुम्हीही लावा. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला त्यांनी पॉलिश केलं, ते एका पावसाळ्याच्या पुढे टिकलं नाही. एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर त्यांच्याकडे त्याचा स्कॅनर नाही. बीएस-6 डिझेलच्या धुराच्या फिल्टरची तक्रार असेल तर ते स्वतःच हात जोडतात आणि नाशिकला पाठवतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं, याची आठवण मात्र ते स्वतःहून करतात. इंजिन ऑइलचा डबा आपल्यासमोर फोडतात. कंपनी 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, पण माझं फिरणं म्हणजे वस्त्या-वस्त्यांवर दोन-चार किलोमीटर जाऊन थांबायचं, धूळ खायची. त्यामुळे मला सात-आठ हजारांवरच बदलायला सांगितलं. हे मला रास्त वाटतं.

एका जाड वहीत प्रत्येक गाडीचं एक पान असतं. बॅटरीचे आकडे, टायरची खाच, काय बदललं, काय पुढच्या वर्षी बघायचं. गेल्या वर्षीचा आकडा शेजारीच असल्याने काय किती उतरलं ते लगेच दिसतं. पक्कं बिल हवं असेल तर आधी सांगावं लागतं, आणि तेही दोन दिवसांनी मिळतं.

चेकिंगचे 600 रुपये, पार्ट्स आणि मजुरी वेगळी. बॅटरी सोडून माझा सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला. गाडी रात्री ठेवायची असल्याने परतायची सोय करून जा, तिथून रिक्षा मिळत नाही. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज शेड बंद असते. शक्यतो त्यानंतरच्या पंधरवड्यात नंबर लावा. त्यानंतर ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर यायला लागतात, आणि त्यांच्या ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवल्याशिवाय अण्णा दुसरी गाडी खड्ड्यावर घेत नाहीत. पट्टीचे पैसे घेतात, चिकटवायचे घेत नाहीत.