५२ सीसीचं खड्डे मशीन इंदूरच्या मातीत: खड्डा झटपट, भिंत माठासारखी

पाचपैकी साडेतीन तारे. सब्बल, म्हणजे पहार, चालवणारे हात सोबत नसतील तर दोनच.

सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत ‘अर्थ ऑगर’ म्हणून जे मिळतं, ते हे मशीन. वर स्टिकर कुणाचाही असो, आतली बांधणी जवळपास एकच असते: टू-स्ट्रोक इंजिन, त्याखाली क्लच, मग गिअरबॉक्स आणि पिनेनं अडकवलेलं ८ किंवा १२ इंची गिरमिट, म्हणजे माती कापत उतरणारं स्क्रूसारखं पातं. दुकानात त्याला बरमा म्हणतात. इंजिनाकडचा भाग ९-१० किलो भरतो, १२ इंची गिरमिट जोडलं की सगळं १५ किलोच्या आसपास जातं. किंमत साधारण दहा ते पंधरा हजार.

हे परीक्षण शेतात खांब रोवणाऱ्यांसाठी नाही. शहरात झाडं लावणाऱ्या आणि राखणाऱ्या, १८ ते २५ वयाच्या आठ-दहा जणांच्या तुकडीत जो मुख्य ताई-दादांच्या हाताखाली काम बघतो, ज्याच्याकडे अवजारांची किल्ली आणि शिटी असते, त्याच्यासाठी आहे. मशीन त्याच्याच ताब्यात येतं आणि बिघडलं तर बोलणीही त्यालाच बसतात.

आधी हिशेब. रस्त्याकाठच्या झाडासाठी ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतला तर साधारण ९१ लिटर माती निघते. १२ इंची गिरमिटानं ६० सेंटिमीटर खोल गेलं तर ४४ लिटर. ८ इंचीनं जेमतेम १९ लिटर. म्हणजे मशीनचा खड्डा दिसायला खोल, पण मोकळी झालेली माती निम्म्याहून कमी. ‘आज ६० खड्डे झाले’ असा मेसेज ग्रुपवर टाकण्यापूर्वी ही वजाबाकी लक्षात ठेवावी. हातानं ४५ सेंटिमीटरचा खड्डा घ्यायला कसलेल्या गड्याला अर्धा तास लागतो, कॉलेजातल्या नव्या जोडीला पाऊण तास. चांगल्या ओलाव्यात मशीन दोन ते चार मिनिटांत मोकळं होतं. वेळ वाचतो यात शंका नाही. वाचलेला वेळ कुठे जातो, एवढंच बघायचं.

इंदुरात एकाच दिवशी तीन तऱ्हेच्या जमिनी भेटतात. सिरपूर तलावाच्या बाजूला खोल काळी माती. रालामंडल, देवगुराडियाकडे टेकडीचा मुरूम, आणि त्याखाली लगेच काळा पाषाण. शहरातल्या दुभाजकांवर आणि वसाहतींच्या कडेला मलबा: विटांचे तुकडे, सळया, पॉलिथिन, कुणाच्या तरी जुन्या साड्या. मशीनची परीक्षा या तिन्ही ठिकाणी वेगळी होते.

मलब्यात ते नेऊच नये. कापड आणि प्लास्टिक गिरमिटाला असं गुंडाळलं जातं की चाकूनं कापून काढताना अर्धा तास जातो, आणि एखादी सळई अडली की मशीन हातात फिरतं. मुरमात ते चालतं, पण दात झिजतात. एकाच दिवसात दातांची धार गोल झालेली दिसली तर दोष मशीनचा नाही, जागेचा आहे. तिथे गेंती, म्हणजे टिकाव, घ्यावी. पाषाण लागला की गिरमिट जागच्या जागी फिरून नुसता धूर आणि आवाज करतं. तेव्हा जोर लावू नये, जागा हातभर सरकवावी.

काळ्या मातीत खरी गोम आहे. मे महिन्यात ती विटेसारखी कडक असते, भेगा पडलेल्या असतात; गिरमिट ढेकळांवरून उड्या मारतं. दोन-तीन जोरदार सरी पडल्या की तीच माती डिंक होते, पात्यांना चिकटून वर येते आणि झटकून पडत नाही. मधल्या वाफशात, म्हणजे माती ना कडक ना चिकट असताना, मात्र मशीन लोण्यात सुरी जावी तसं उतरतं. वाफसा ओळखायला साधन लागत नाही. १५ सेंटिमीटर खालची माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि अंगठ्यानं दाबायचा. फुटून भुगा झाला तर काम सुरू. चेपून चकचकीत पट्टी निघाली तर मशीन गाडीतच राहू द्यावं.

वाफशातही एक गोष्ट टळत नाही. फिरतं गिरमिट चिकण मातीच्या भिंतीवर लेप देतं, आतून खड्डा माठासारखा गुळगुळीत होतो. रोपाची मुळं त्या भिंतीला टेकली की आत न शिरता गोल गोल फिरतात. पावसाचं पाणी बाजूला मुरत नाही, खड्ड्यात साचून राहतं. पहिल्या वर्षी झाड हिरवं दिसतं. नंतर वाढ खुंटते किंवा एखाद्या वादळात ते मुळांच्या गठ्ठ्यासकट आडवं होतं. तारे कापले ते यासाठी, आणि माहितीपत्रकात याचा एक शब्दही नसतो.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. खड्डा झाल्यावर सब्बलच्या धारदार टोकानं भिंतीवर वरपासून तळापर्यंत पाच-सहा उभ्या चिरा पाडायच्या, प्रत्येक ३ ते ५ सेंटिमीटर खोल. तळालाही तीन-चार घाव. मग खुरपीनं उरलेली चकाकी खरवडायची. पाच मिनिटं लागतात. मोठ्या झाडांसाठी याहून चांगली रीत म्हणजे त्रिकोणात तीन भोकं घेणं, मध्ये ८-१० सेंटिमीटरची भिंत सोडून, आणि ती भिंत सब्बलनं फोडणं. भोकं एकमेकांना चिकटून घेऊ नयेत. गिरमिट आधीच्या पोकळीकडे ओढलं जातं आणि चालवणाऱ्याचा तोल जातो. तीन भोकांचा हा खड्डा ओबडधोबड, रुंद आणि मुळांना सोयीचा होतो. फोटोत तितका छान दिसत नाही.

म्हणून तुकडीची वाटणी खड्ड्यांच्या आकड्यावर करू नये. मशीनवर एक, त्याच्यापासून दोन मीटरवर नजर ठेवणारा एक, सब्बल-खुरपीवर तिघं, रोपं लावायला दोघं, पाणी आणि तगाऱ्या (घमेली) उचलायला दोघं. सब्बलवाले मागे पडले की मशीन बंद. न खरवडलेले खड्डे तीनपेक्षा जास्त साचू द्यायचे नाहीत, कारण एकदा ऊन तापलं की चौथा खड्डा तसाच भरला जातो. तुकडीतला सगळ्यात उत्साही मुलगा ‘भिया, एक और’ म्हणत पुढे पळत असतो. त्यालाच सब्बलवर पाठवावं.

चालवायची पद्धत. पाय खांद्यांपेक्षा रुंद, कोपरं अंगाजवळ, पाठ सरळ, हँडलची चौकट मांडीला टेकलेली. मशीनवर वजन टाकायचं नाही; गिरमिट स्वतः उतरतं. १५-२० सेंटिमीटर उतरलं की थ्रॉटल (वेग देणारा खटका) चालू ठेवून वर ओढायचं, माती झटकू द्यायची, पुन्हा उतरवायचं. एका दमात तळापर्यंत गेलं तर ते स्क्रूसारखं रुततं. या मशीनला उलटा गिअर नसतो. रुतलं तर इंजिन बंद, पिन काढून इंजिन वेगळं करायचं आणि पाइप पान्यानं गिरमिट उलट फिरवून काढायचं. दोघांनी हँडल धरून हिसके देणं म्हणजे गिअरबॉक्सचा खर्च.

मूळ किंवा दगड अडला की गिरमिट थांबतं आणि मशीनची वरची बाजू उलट दिशेला फिरते. मनगट, बरगड्या, मांडी यांवर मार बसतो तो तेव्हाच. चौकट मांडीला टेकलेली असली की हा झटका पाय घेतो. बोट थ्रॉटलवरून चटकन सुटतं का, हे इंजिन बंद असताना दहा वेळा करून घ्यावं. एकट्यासाठी बनवलेल्या चौकटीला दोघांनी धरू नये; एक सोडतो, दुसरा धरून ठेवतो, आणि झटका धरून ठेवणाऱ्याला बसतो. मुलींना जड जाईल म्हणून त्यांना सरसकट रोपांकडे पाठवायची सवयही सोडावी. इथे दंडापेक्षा उभं राहणं महत्त्वाचं असतं, आणि सांगितल्याप्रमाणे उभं राहण्यात मुली बहुधा पुढे असतात.

अंगावर मात्र काहीही लोंबतं नको. इंदुरात स्कूटीवर चेहऱ्याला बांधलेला स्टोल तसाच गळ्यात ठेवून कामाला लागायची पद्धत आहे. फिरत्या गिरमिटाजवळ तो जीवघेणा ठरू शकतो. ओढणी, कडं, गळ्यातलं आयकार्ड, सगळं काढून ठेवायचं. केस बांधलेले, पायात जाड बूट, कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. १५-२० मिनिटांनी चालवणारा बदलायचा. बोटांना मुंग्या आल्या तर त्याआधीच.

फुटपाथवर आणखी एक अट. पाणी, गॅस, वीज आणि फायबरच्या लाइनी कुठून जातात हे महापालिकेच्या माणसाकडून आधी समजून घ्यावं, आणि लाइन दाखवणाऱ्या मार्कर दगडापासून निदान मीटरभर मशीन लावूच नये. तिथे हातानं, हळू.

इंधन. बहुतेक पुस्तिकांत २५:१ दिलेलं असतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी तेल. अंदाजानं ओतू नये. तेल कमी पडलं तर पिस्टन घासला जातो, जास्त झालं तर प्लग काळा होतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात महिनाभर डब्यात राहिलेलं मिश्रण खाली पाणी सोडतं, आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो. ‘गेल्या आठवड्यात तर चालत होतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. दोन दिवस पुरेल एवढंच मिसळावं. गरम इंजिनात पेट्रोल भरायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं. पोह्यांची गाडी आली म्हणून तापलेलं मशीन वाळल्या गवतात आडवं टाकून जाणारी तुकडी आग लावून येते.

मोडतं काय? दोरी सगळ्यात आधी, कारण नवखे ती पूर्ण ओढून सोडून देतात. हातानं परत नेली तर हंगामभर टिकते. मग कंपनानं सायलेन्सरचे बोल्ट ढिले होतात, रोज सकाळी पान्यानं तपासावेत. एअर फिल्टरचा स्पंज धुळीनं भरतो. साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. जास्तीची एक पिन, तिची क्लिप, एक प्लग आणि दातांचा एक जोड डब्यात हवाच. पिन हरवली म्हणून तिथे खिळा घालणाऱ्यांची कमी नाही. खिळा तुटून उडतो.

यापेक्षा मोठं मशीन घ्यावं का? तुकडीसाठी नको. ६३-६८ सीसीचा झटकाही तसाच मोठा. ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र मोकळ्या माळावर ठीक. १४ जुलै २०२४ ला इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, त्या मापाच्या कामाला हातातलं मशीन पुरणारच नाही. पण वसाहतीतल्या गल्लीत ट्रॅक्टर वळत नाही आणि ओल्या काळ्या मातीत त्याची चाकं आसपासची जमीन दाबून टाकतात.

खड्डा झाल्यावर एक चाचणी मशीनमुळेच स्वस्त झाली आहे. एक भोक पाण्यानं भरून दुसऱ्या दिवशी बघावं. पाणी तसंच असेल तर तिथे कडुनिंब लावू नये, त्याची मुळं कुजतात. अर्जुन, जांभूळ, करंज तग धरतात. मोठ्या झाडांना वर विजेच्या तारा नाहीत ना तेही बघावं. असतील तर पारिजातकासारखं लहान झाड बरं. काळ्या मातीत पावसाळ्याचं रोप आजूबाजूपेक्षा चार बोटं उंचावर, छोट्या उंचवट्यावर लावावं. आळं तेव्हा करायचं नाही, ते ऑक्टोबरात. जुलैत केलेलं आळं रोपाची आंघोळीची बादली होतं.

विकत घेताना दुकानातच मशीन चालू करून मागावं. थ्रॉटल सोडल्यावर गिरमिट पूर्ण थांबलं पाहिजे. मंद चालीतही फिरत राहिलं तर आयडलचा स्क्रू कमी करायला सांगावं. तरीही फिरलं तर क्लच गेलेला आहे, तो नग परत. १२ इंची गिरमिटाचे दात बोल्टनं बदलता येणारे आहेत का बघावं, वेल्ड केलेले नकोत. ८ इंची गिरमिट दुकानदार ‘सोबत फ्री’ देतो. झाडांसाठी त्याचा उपयोग नाही, बांबू रोवायला मात्र कामी येतं.