दोनशे लिटरचा सोलर: दहा महिन्यांचा हिशेब

नाशिकला आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर मागच्या ऑक्टोबरात २०० लिटरचा सोलर (पाणी तापवायचा) बसवला. काचेच्या २० नळ्या, वर आडवी टाकी, ना पंप ना कंट्रोलर. मला आकड्यांची खोड आहे (सातपूरला कारखान्यात दिवसभर मोजमापंच करतो), म्हणून हीटर यायच्या आधीच एक्सेलमध्ये त्याचं मॉडेल मांडून ठेवलं होतं. त्यामुळे दहा महिने हीटरची परीक्षा झाली आणि शीटचीही.

नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. २० अंशांचं पाणी ६० वर गेलं तरी घनता जेमतेम दीड टक्क्याने कमी होते, आणि तेवढ्यावर सगळा कारभार चालतो. बिघडायला काही नाहीच, आणि बिघडलंही नाही. जे बिघडलं ते माझ्या हाताने. ते पुढे सांगतो.

आधी हिशेब. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साधारण ९.३ युनिट लागतात. नळ्यांच्या आतल्या काळ्या भागाचं उन्हासमोरचं क्षेत्रफळ माझ्या मापाने १.६ चौरस मीटर. डिसेंबरातल्या निरभ्र दिवसाला चौरस मीटरमागे ६ युनिट ऊन धरलं आणि त्यातलं ६५ टक्के पाण्यात उतरलं, तर हाती सव्वासहा युनिट, म्हणजे २७ अंश. रोज टाकी पुरती संपवली तर २० अंशांचं पाणी ४७ ला अडकणार. विक्रेता 'रोज २०० लिटर कढत पाणी' म्हणाला होता, ते इथेच निकालात निघालं. पण अर्धीच टाकी वापरली तर उरलेली उष्णता दुसऱ्या दिवशी कामी येते आणि संध्याकाळचा आकडा ६५ च्या आसपास जातो. आम्ही चौघं. सकाळच्या ६० अंशांच्या पाण्यात तितकंच विसण घातलं की ४० अंशांची आंघोळ होते, म्हणजे १०० लिटरमध्ये घर भागतं.

डिसेंबरभर स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर घेऊन गच्चीवरच्या नळाशी उभा राहायचो. एका रात्री बाहेर १२ अंश होते. संध्याकाळी सहाला ६४, पहाटे सहाला ५८. टाकीच्या पफचं (उष्णता धरणाऱ्या फोमच्या थराचं) काम चोख आहे.

चूक निघाली भलतीकडेच. शीटमध्ये मी टाकीतलं पाणी सगळीकडे सारखं धरलं होतं. त्या हिशेबाने ८० लिटर काढल्यावर नळाला ४५ यायला हवं होतं, आलं ५४. गरम पाणी वर तरंगतं, आत शिरलेलं थंड पाणी तळाशी बसतं, आणि नळाला वरचंच मिळतं. पण १२० लिटरनंतर पारा एकदम घसरतो. आईची सहाची आंघोळ राजेशाही आणि आठला उठणाऱ्या लेकाची कोमट, याचं कारण तेच. (तो म्हणतो सोलर खराब आहे. मी म्हणतो लवकर ऊठ.) मग शीटमध्ये टाकीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले, तेव्हा आकडे जुळले.

विसणाचंही तसंच. मी थंड पाणी २० अंशांचं धरलं होतं, पण जानेवारीत गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांचं असतं. म्हणजे सोलरला दोन-तीन अंश जास्त चढायचं ओझं, आणि बादलीत विसण कमी लागतं म्हणून गरम पाणी जास्त जातं.

आता माझा पराक्रम. मार्चमध्ये बोअरच्या पाण्याचा खार काढायला टाकी रिकामी केली आणि भर दुपारी एक वाजता पाणी सोडलं. उन्हात कोरड्या राहिलेल्या नळ्या आतून २०० अंशांच्या वर जातात. टण्ण असा आवाज आला आणि दोन नळ्या गेल्या. टाकी भरायची ती सूर्य उगवायच्या आधी, नाहीतर नळ्या झाकून.

उन्हाळ्यात पाणी इतकं तापतं की लहान मुलांच्या घरात मिक्सर नळ हवाच. नाशिक २० अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडे झुकलेल्या नळ्यांना ऊन तिरपं लागतं, तेवढीच सूट. जुलैत सलग ढग आले तेव्हा टाकीतली २ किलोवॅटची विजेची कॉइल लावली. टाकी २० अंशांनी चढायला सव्वादोन तासांच्या वर लागले. पावसाळ्यात सोलर म्हणजे मोठा गीझरच.

खरी तक्रार पाइपची, आणि तो माझ्याच सांगण्यावरून टाकलेला. टाकीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप १८ मीटर. रोज पहाटे साडेपाच लिटर गार पाणी आधी येतं, बादलीने मोजलंय. माझ्या शीटमध्ये पाइपची ओळच नव्हती. प्लंबर म्हणतो आवरण चढवा. चढवीन, पण त्याने पहिल्या आंघोळीला फरक पडणार नाही. रात्रभरात पाइप आवरणासकट गार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आंघोळीच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात काय ती बचत. आज नव्याने बसवला असता तर टाकी न्हाणीघराच्या बरोबर वर घेतली असती, चार फुटांचं जास्तीचं स्टँड लागलं असतं तरी.

तोवर आई पहिली बादली बाजूला काढते आणि तुळशीला घालते.