डेक्कन क्वीनचा १९३०चा डबा: शीट कापून की थ्रीडी प्रिंट?

डेक्कन क्वीनच्या मूळ डब्याचं मॉडेल करायचं ठरलं की सगळे साहित्यावरून वाद घालतात: प्लास्टिकची शीट कापायची की थ्रीडी प्रिंट काढायचा? माझं मत, आधी रंग ठरवा. १ जून १९३० रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ही गाडी सुरू केली, तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे संच, होते. एक चंदेरी, त्यावर लालभडक मोल्डिंग, म्हणजे उठावदार पट्ट्या; दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालच्या फ्रेम इंग्लंडहून आल्या होत्या, वरच्या बॉडी आपल्या माटुंगा वर्कशॉपात बांधल्या. १९६६ साली चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातले पोलादी डबे आले आणि हे जुने डबे गाडीतून गेले.

चंदेरी रंग काहीच लपवत नाही. बोटाचा ठसा, पॉलिश पेपरचा ओरखडा, प्राइमरखाली अडकलेला केस, सगळं उजेडात उठून दिसतं. फिलामेंटवाल्या, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर चढवणाऱ्या, थ्रीडी प्रिंटरचा थर साधारण ०.२ मिमीचा असतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, याचा अर्थ खऱ्या डब्यावर दर सतरा मिलिमीटरला एक पायरी. घासून काढू म्हणाल, तर खरी पंचाईत तिथेच आहे: पॅनेलभोवतीचं मोल्डिंग प्रिंटमध्ये आधीच उठून आलेलं असतं, त्यामुळे पॅनेल गुळगुळीत करायला जावं तर मोल्डिंगच झिजतं. द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून काढलेल्या रेझिन प्रिंटचे थर पुष्कळ बारीक, ०.०५ मिमीच्या आसपास. पण लांब पातळ भिंत नीट आधार नसेल तर क्युअर होताना, म्हणजे पक्की कडक होताना, वाकते, आणि डब्याची बाजू म्हणजे लांब पातळ भिंतच.

प्लास्टिक शीटमध्ये क्रम उलटा. पॅनेल कारखान्यातूनच गुळगुळीत येतं, मोल्डिंग तुम्ही वरून चिकटवता. अर्धा मिलिमीटर रुंदीची पट्टी खऱ्या डब्यावर सुमारे ४३ मिमी भरते, त्याहून जाड घेतलीत तर डबा खेळण्यातला दिसतो. पट्टी जागेवर धरायची आणि कडेला सॉल्व्हंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाचा) ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून काम करा, ते वाफारे बरे नाहीत. मग आधी सगळीकडे चंदेरी स्प्रे, तो पुरता सुकला की लाल रंग. तो ब्रशच्या टोकाने न लावता ब्रश आडवा धरून पट्टीच्या माथ्यावरून ओढायचा. चंदेरीवर मास्किंग टेप मी तरी लावणार नाही, काढताना रंग सोबत येऊ शकतो. म्हणून चंदेरी डब्याला शीटच, यावर मी ठाम आहे.

निळा डबा मात्र क्षमाशील. चांगल्या रेझिन प्रिंटवर प्राइमर आणि दोन पातळ हात दिले की थर दिसेनासे होतात. कसोटी लागते ती सोनेरी रेघांची. रूलिंग पेनने (बारीक रेघा मारायच्या दोन पात्यांच्या पेनने) ओढणार असाल तर रंग इनॅमलच घ्या. ॲक्रिलिक टोकातच सुकतो. हात थरथरत असेल तर डेकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेल्या तयार रेघा, लावा, पण आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्यायचा, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून पांढुरके डाग दिसतात.

आता कष्टाचा हिशोब. एकच डबा शोकेससाठी हवा असेल तर शीट परवडते. अख्खा सात डब्यांचा रेक करायचा असेल तर एकेक खिडकी कापताना बोटं आणि उत्साह दोन्ही संपतील, तिथे प्रिंट जिंकतो. अर्थात कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, ड्रॉइंग स्वतः करता येत असेल तरच. पितळी पत्रा देखणा असतो, पण सोल्डरिंग येत नसेल तर पहिल्याच डब्याला त्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही प्रकारांत स्प्रेचं काम पावसाळ्यात टाळा. हवा दमट असली की लॅकर पांढरट पडतो. काचा सगळ्यात शेवटी, आणि फेविक्विकसारखा गोंद त्यांच्या जवळपासही नको, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं.

राहता राहिले रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, एचओमध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा. बाजारातला तयार ट्रॅक मात्र १६.५ मिमीचा मिळतो. गाडी पळवायची असेल तर तोच मुकाट्याने घ्या. नुसती ठेवायची असेल तर चाकं ॲक्सलवर थोडी बाहेर सरकवा आणि वीतभर रूळ स्वतः ठोका, समोरून बघताना फरक लगेच कळतो.