आबनुसाच्या नावाखाली रंगवलेले लाकूड: माझे १२,३०० रुपये असे गेले

जुने व्हायोलिन दुरुस्तीला नेले की ‘फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटे दाबायची पट्टी) संपलाय’ असे सांगून चांगले लाकूड काढून घ्यायचे, हा प्रकार वाजवणाऱ्या बहुतेकांच्या कानावर असतो आणि माझ्याही होता. तरीही दादरमधील एका कारागिराने आबनुसाच्या (एबनी या काळ्या, घट्ट लाकडाच्या) नव्या फिंगरबोर्डाचे ९,५०० आणि ‘परदेशी तेल मुरवण्याचे’ २,८०० असे १२,३०० रुपये घेऊन माझ्या वाद्यावर काळा रंग फासलेले मऊ, पांढरे लाकूड चिकटवले. मूळ बोर्ड अस्सल आबनुसाचा होता आणि त्यावर तारांखाली चर पडले होते, एवढेच. रंधा मारून घोटला असता तर तो पुन्हा कामाला आला असता. तो परत मागितल्यावर ‘काढताना मोडला, फेकला’ असे उत्तर मिळाले. मोडला असेल तर तुकडे मागा.

वाद्य हातात देताना त्याने बोर्डावरून पांढरे फडके फिरवले आणि ते काळे झाले. मी विचारले, तर म्हणाला, ‘लाकूड तेल सोडतंय, आठवडाभर वाजवू नका.’ हे फडके मला अजून झोपू देत नाही. आबनुसाचा काळेपणा लाकडातलाच असतो, तो तेलाबरोबर शाईसारखा उतरत नाही. शिवाय बोर्ड चकाकत होता, आणि व्हायोलिनच्या फिंगरबोर्डावर व्हार्निश चढवतच नाहीत. पण आबनूस घासताना काळी भुकटी खरोखरच पडते, आणि क्लासमधल्या जाणत्यांनी सुचवलेल्या वयस्कर कारागिराला तोंडावर खोटे ठरवणे कोणाला जमले असते?

पावसाळ्यात घामाने बोटे काळी होऊ लागली, तेव्हा दुसऱ्या कारागिराने घोडीकडच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याकडच्या) टोकाला, बोर्डाच्या खालच्या अंगाला स्पिरिटचा बोळा लावला आणि पांढरे लाकूड उघडे पडले. घरी हे करू नका, स्पिरिट वाद्याच्या अंगाला लागले तर व्हार्निश उतरते. तेलाचे म्हणाल, तर आबनूस इतका घट्ट असतो की तो तेल फारसे पीतच नाही. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार थेंब चोळून कोरडे पुसले की झाले. ते फडके मात्र चुरगळून ठेवू नये, आपोआप पेटू शकते.

पोलीस ठाण्यात मला ‘हे दिवाणी आहे’ असे ऐकवण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे हे सांगितल्यावर ‘व्हायोलिन म्हणजे गिटारच ना?’ असा प्रश्न आला, मग साहेब बंदोबस्ताला गेलेले निघाले, मग हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली, आणि त्या ठाण्याने पहिल्याकडे बोट दाखवले. अर्जावर पोहोचेचा शिक्का मारायलाही कोणी तयार नव्हते. ज्याचे पैसे गेले त्यालाच आरोपीसारखे उभे करून बिल मागतात! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, म्हणून आता तिकडे अर्ज केला आहे. तिथेही पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद आहे, आणि तीवर कारागिराचे नव्हे, भलत्याच माणसाचे नाव आहे. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचा, आणि बिलावर ‘आबनूस’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय वाद्य सोडू नका.