म्युऑन बघायचा की मोजायचा? विज्ञान मंडळासाठी दोन डिटेक्टरांची तुलना

कॉलेजच्या विज्ञान मंडळाला कणभौतिकीत हात घालायचा असेल, तर त्यासाठी लागणारा म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ शोभेल असा कण, ठाण्यात काय, वाशीत काय, चोवीस तास फुकट मिळतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन तयार होतात आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन उतरतो. प्रश्न उरतो तो पकडायचा कशाने याचा. आपल्या आवाक्यातले खरे पर्याय दोन: क्लाऊड चेंबर, आणि प्लॅस्टिक सिंटिलेटरला (कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकला) जोडलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे क्षीण प्रकाश टिपणारा सेन्सर. पैसे एकापुरतेच असतील तर माझं मत दुसऱ्याला आहे. तरी पहिल्याची बाजू आधी ऐकायला हवी.

क्लाऊड चेंबरमध्ये कणाचा माग डोळ्यांनी दिसतो. काचेच्या पेटीच्या तळाला काळा रंग दिलेली धातूची पाटी, तिच्याखाली उणे 78 अंशांचा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली फेल्टची पट्टी. वाफ खाली येते, गार होते आणि पाटीच्या लगत एक पातळ, अतिसंपृक्त (थेंब जमायच्या बेतात असलेला) थर तयार होतो. त्यातून विद्युतभारित कण गेला की वाटेवरच्या आयनांवर थेंब जमतात. बाजूने टॉर्च मारला की सरळ, बारीक रेघ दिसते ती बहुधा म्युऑनची; वेडीवाकडी वळणारी इलेक्ट्रॉनची; आखूड आणि जाड असेल तर अल्फा कणाची. 1932 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, सापडला तो क्लाऊड चेंबरच्या फोटोतच. अकरावीच्या मुलांना ही रेघ एकदा दाखवली की पुढचा तास शिकवावा लागत नाही, प्रश्न तेच विचारतात.

अडचणी मात्र आपल्या हवेच्या आहेत. पेटीला कुठे फट राहिली तर इथला दमटपणा आत शिरतो, पाटीवर हिम धरतं आणि माग पुसट होतात. ड्राय आइस साठवून ठेवता येत नाही. थर्मोकोलच्या खोक्यातही तो उडत राहतो, म्हणून प्रयोगाच्या दिवशीच मागवायचा आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून वेळ ठरवायची. हात लावताना जाड हातमोजे, खोलीच्या खिडक्या उघड्या, अल्कोहोलजवळ ज्योत नाही. यात सूट नाही. पेल्टियरवर (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीवर) चालणारी पेटी ड्राय आइसशिवाय चालते, पण मे महिन्यात तिची गरम बाजू थंड ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं. आणि मुख्य उणीव अशी की रात्रभर मोजणी करून सकाळी आकडे हातात देणं हे तिचं काम नव्हे.

ते काम सिंटिलेटरचं. प्लॅस्टिकमधून म्युऑन गेला की क्षीण प्रकाश चमकतो, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर त्याचं विद्युत स्पंदात रूपांतर करतो, आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड त्याची वेळ नोंदवतो. जुन्या काचेच्या फोटोमल्टिप्लायर नळीला हजारएक व्होल्ट लागतात. याचं तिसेक व्होल्टमध्ये भागतं, म्हणून मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येतं. एमआयटीतून आलेल्या कॉस्मिक वॉच या खुल्या आराखड्यात 5 बाय 5 सेंटीमीटरची चकती आहे आणि एका डिटेक्टरचा खर्च साधारण 100 डॉलर धरलेला आहे. सर्किटचं किरकोळ सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळेल. सिंटिलेटर आणि सेन्सर मागवावे लागतील.

घ्याल तर जोडी घ्या. एकटी चकती भिंतीतल्या आणि ग्रॅनाइटच्या ओट्यातल्या पोटॅशियमचे गॅमा किरणही मोजत बसते. दोन चकत्या एकावर एक ठेवून, दोन्हींत एकाच क्षणी आलेली स्पंदंच धरली की उरतात ते जवळजवळ सगळे म्युऑन. चकतीवरची काळी टेप कोपऱ्यात जरा जरी सुटली तरी बाहेरचा उजेड आत येऊन आकडे फुगतात, त्यामुळे आधी दिवा लावून आणि बंद करून मोजणी ताडून बघा. सेन्सर तापला की खोटी स्पंदंही वाढतात. पत्र्याच्या शेडखाली ठेवणार असाल तर तापमानाची नोंद सोबत हवीच.

जोडीतून दिवसाला 10,000 नोंदी मिळाल्या तर त्यातला स्वाभाविक चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका, 100 च्या आसपास, म्हणजे एक टक्का. एवढ्यावर ठाण्यात फार छान प्रयोग होतो: वीस मजली टॉवरची गच्ची आणि त्याच टॉवरचं पार्किंग. मधल्या स्लॅबांचं काँक्रीट मिळून तीनेक मीटर भरतं, आणि मोजणीत ठळक घट दिसते. हवेचा दाब वाढला की म्युऑन किंचित कमी होतात; तो फरक टिपायचा तर जून ते जानेवारी नोंदी चालू ठेवायची चिकाटी लागेल. नुसत्या मोजणीतून काय निघू शकतं ते उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगाने दाखवलं. डिसेंबर 2014 मधल्या एका वादळी ढगातला विद्युत विभव सुमारे 130 कोटी व्होल्ट होता, हे तिथे म्युऑनच्या संख्येतल्या घटीवरून काढलं गेलं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काळी टेप लावूनही ठिपके मिळतात, पण सेन्सर इवलासा असल्याने एका म्युऑनसाठी कित्येक मिनिटं थांबावं लागतं आणि सदोष पिक्सेल फसवतात. आरपीसीला (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर या वायूभरल्या डिटेक्टरला) खास वायूंचं मिश्रण आणि सुमारे 10,000 व्होल्ट लागतात. ते कॉलेजात आणू नका. सिलिकॉन पिक्सेल डिटेक्टर अप्रतिम, पण किंमत आवाक्याबाहेर. सिंटिलेटर आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरची जोडी मात्र सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाच्या नव्या कॅलोरीमीटरमध्येही (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागात) बसते आहे, त्यामुळे मुलं जे तंत्र हाताळतील ते आजचंच असेल.

तुमच्याकडे एकच विज्ञान प्रदर्शन आणि दोन दिवस असतील, तर क्लाऊड चेंबर घ्या, दुसरा विचार नको. वर्षभर काम करणारी चार मुलं आणि सोल्डरिंग येणारा एक प्रयोगशाळा सहायक असेल, तर सिंटिलेटरची जोडी. टॉवरच्या सोसायटीची गच्चीसाठीची लेखी परवानगी मात्र सामान मागवण्याआधी घ्या.