२२० जीएसएमचा दावा खरा, पण मागचं झाकण उघडलं तरच

काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर हे लिहितोय. साध्या ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदावर तक्रार शून्य, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. विषय कार्डशीटचा आहे. टोनरचे, म्हणजे छपाईच्या काळ्या भुकटीचे, पोपडे निघायला लागल्यावर सर्व्हिसचं निदान एका वाक्याचं होतं: फ्यूजर युनिट बदला. बदलायची गरज नव्हती.

फ्यूजर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला टोनर वितळवतो आणि कागदावर दाबून बसवतो. २०० जीएसएमचं कार्ड साध्या कागदाच्या अडीच पट वजनाचं. त्याच वेगाने गेलं तर उष्णता कार्डच पिऊन टाकतं, टोनर अर्धवट वितळतो आणि नखाने खरवडला की निघतो. 'जाड' किंवा 'कार्डस्टॉक' हा कागदप्रकार निवडला की बहुतेक प्रिंटर वेग कमी करतात आणि फ्यूजरचं तापमान वाढवतात, शिवाय टोनर कागदावर ओढणारा विद्युतदाबही बदलतात. म्हणून पोपडे नसले, नुसती छपाई डागाळ असली, तरी पहिला उपाय हाच.

खरी चीड इथे आहे. हे सेटिंग दोन ठिकाणी असतं: संगणकावरच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि प्रिंटरच्या स्वतःच्या ट्रे मेनूत. दोन्ही जुळले नाहीत तर काही मॉडेल 'कागद भरा' म्हणत अडून बसतात आणि काही गुपचूप स्वतःला हवं ते धरतात. त्यातून प्रत्येक नव्या फाइलला ड्रायव्हर पुन्हा 'साधा कागद'वर येतो. फुकटचा उपाय: तोच प्रिंटर संगणकात दुसऱ्यांदा जोडा, त्याला 'कार्ड' असं नाव द्या आणि त्याच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जाड कागद, मॅन्युअल फीड, दोन्ही बाजूंची आपोआप छपाई बंद, हे कायमचं ठरवून टाका.

आता मागचं झाकण. खोक्यावर २२० जीएसएम ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा समोरच्या हाताने कागद घालायच्या फटीचा असतो, खालच्या ट्रेचा नाही. खालच्या ट्रेची मर्यादा अनेक मॉडेलांत १६३ जीएसएमच्या आसपास संपते. ट्रेमधून निघालेला कागद इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा घेऊन वरच्या बाजूला पडतो. कार्डला हे वळण झेपत नाही. ते वाकडं होतं, बाहेर पडताना सुरळीसारखं वळतं, नाहीतर फ्यूजरच्या तोंडाशी अडकतं. समोरून एकेक कार्ड घाला, मागचं झाकण पूर्ण उघडा. मग वाट जवळजवळ सरळ होते. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात, आणि ही गोष्ट पुस्तिकेत एका टीपेत असते!

त्याच झाकणाआड काही मॉडेलांत दोन लहान दांड्या असतात, बहुधा हिरव्या. लिफाफ्यांना सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्या फ्यूजरचा दाब कमी करतात. लिफाफे छापून झाल्यावर त्या तशाच राहिल्या तर कोणत्याही सेटिंगवर कार्डचा टोनर धरत नाही. नव्या युनिटचा विचार करण्याआधी या दांड्या बघा.

चौथ्या महिन्यापर्यंत फ्यूजरलाच दोष देत होतो. आता मत बदललंय. कमजोर भाग पिकअप रोलर आहे, म्हणजे कागद आत ओढणारा रबरी रोलर. कार्ड न अडकताही 'पेपर जॅम' येतो, कारण कागदाची पुढची कड ठरलेल्या वेळात सेन्सरपाशी पोचायला हवी असते आणि गुळगुळीत झालेला रोलर जड कार्डावर नुसता घसरतो. कार्डाच्या कापलेल्या कडांमधून भुकटी सुटते, तीच रबरावर बसते. प्रिंटर बंद करून, थंड झाल्यावर, पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने रोलर आणि सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद आत सोडणारी पट्टी) पुसा. पूर्ण वाळू द्या. पुसूनही रबर चकचकीत दिसत असेल तर रोलर-पॅड बदला; फ्यूजरपुढे तो खर्च किरकोळ.

कार्ड विकत घेताना जीएसएमइतकीच तंतूंची दिशा बघा. दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वाकतं, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर असतात. ती रेषा रोलरला समांतर राहील असं कार्ड घातलं तर ते वळणावर कमी कुरकुर करतं. खडबडीत पोताच्या खळग्यांत टोनर पोचतच नाही, तिथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही. इंकजेटचं चकचकीत कार्ड तर चुकूनही घालू नका: त्याचा थर वितळून फ्यूजरला चिकटतो आणि मग युनिट खरंच बदलावं लागतं.

पावसाळ्यात उघडा पडलेला गठ्ठा दमट होतो, विद्युतभार निसटतो आणि भरीव काळ्या भागात पांढरट चट्टे येतात. गठ्ठा वेष्टनातच ठेवा, छापण्याआधी दिवसभर प्रिंटरच्याच खोलीत राहू द्या.

ठरावीक अंतराने तोच डाग उमटत असेल तर पट्टी लावून मोजा. अंतर म्हणजे रोलरचा परीघ: सुमारे ७५ मिमी आलं तर २४ मिमी व्यासाचा भाग, ९४ मिमी आलं तर ३० मिमी व्यासाचा. ड्रम (ज्या नळकांड्यावर आधी टोनरची प्रतिमा उमटते ते) बहुधा याच मापांचे असतात, पण खात्रीसाठी आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतला तक्ता बघा. डाग कार्डशी संबंधित नसून ड्रमचा असेल तर तो साध्या कागदावरही दिसतोच.

भरीव काळे पट्टे सगळ्यात आधी सोलतात, म्हणून छपाईची घनता (काळेपणा) एक पायरी कमी ठेवा. थर पातळ झाला की नीट चिकटतो, टोनरही वाचतो. घडी पडणार ती रेषा कोरीच सोडा, तिथला टोनर हमखास तडकतो. दुसरी बाजू छापायची तर कार्ड सपाट ठेवून पूर्ण थंड होऊ द्या, मग हातानेच उलटून घाला. काम झालं की मागचं झाकण लावायला विसरू नका: ते उघडं राहिलं तर दोन्ही बाजूंची आपोआप छपाई चालत नाही आणि पानं छापील बाजू वर करून, उलट्या क्रमाने पडतात.