जुनाट दुखणं: रोजची ओपिऑइड गोळी की तिच्याशिवायचा लांबचा रस्ता?

जुनाट दुखण्यावर ‘आता ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, कायमचं सुरू करून बघूया का?’ असं डॉक्टरांनी विचारलं असेल, तर सवय लागणं, गुंगी, श्वास मंदावणं ही यादी तुमची एव्हाना पाठ झाली असेल. ती पुन्हा उगाळत नाही. मी दोन्हीकडे राहून आलोय. आधी बराच काळ ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, आणि आता ओपिऑइड नसलेलं ड्युलोक्सेटिन व जोडीला नेमाचा व्यायाम. दुखणं कंबरेचं आणि एका गुडघ्याचं, ऑपरेशनने सुटेल असं नाही. कर्करोगाच्या वेदनेचा हिशोब पूर्ण वेगळा असतो, त्यामुळे पुढचं काही तिथे लावू नका.

आधी ओपिऑइडची बाजू सांगतो, कारण ती लेचीपेची नाही. गोळी घेतल्यावर तासाभरात ठणका उतरायला लागतो. नाहीसा होत नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसतो. ऐकू येतो, अंगावर येत नाही. रात्री कूस बदलताना जाग येत नाही. वाकून बुटाची नाडी बांधता येते. वर्षानुवर्षं दुखणं काढलेल्या माणसाला पहिला आठवडा असा गेला, की ‘इतके दिवस कोणी दिली का नाही ही गोळी’ असं वाटतंच. मलाही वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. थोड्या, न वाढणाऱ्या डोसवर वर्षानुवर्षं नीट संसार-नोकरी सांभाळणारी माणसं असतात. त्यांना ‘सोडा ती गोळी’ म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पोटाचं मात्र आधीच ऐकून ठेवा. मळमळ आणि गुंगी बऱ्याच जणांची काही दिवसांत ओसरते, कारण शरीर सरावतं. आतडी सरावत नाहीत. ज्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या औषध चिकटण्याच्या जागांवर) गोळी वेदनेसाठी बसते, तेच आतड्याच्या भिंतीतही असतात, आणि तिथला मंदपणा गोळी चालू असेपर्यंत राहतो. म्हणून रेचक गोळीबरोबरच सुरू करायचं असतं, कोठा जड झाल्यावर नव्हे. नुसता चोथा वाढवून भागत नाही, उलट अवघडतं. डॉक्टर हे घाईघाईत सांगतात, आपणही लाजून विचारत नाही.

तरी पोटाचं मी निभावून नेलं असतं. नकोसं झालं ते घड्याळ.

साध्या ट्रॅमाडॉलचा असर साधारण चार ते सहा तास. सुरुवातीला हे सोयीचं वाटतं: लागेल तेव्हा घ्या. नेमाने घ्यायला लागलो की दिवसाची आखणी गोळीच्या मागे जाते. पुढच्या डोसच्या आधीचा तास नुसता वाट बघण्यात जातो. कुठे बसलोय, मीटिंग किती वेळ चालेल, पाकीट बॅगेत आहे की घरी राहिलं, डोक्यात हेच. आणि डोस लांबला की एक ठरावीक क्रम. आधी जांभया, झोप अजिबात आलेली नसताना एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नाक गळायला लागतं, सर्दी झाल्यासारखं. अंगावर शहारे. पाय टेबलाखाली स्वस्थ राहत नाहीत. आणि या सगळ्यानंतर कंबर बोलायला लागते.

ही कंबर कोणाची, ते मला कळेनासं झालं. मणक्यातून येणारी कळ आहे, की उशिरा आलेल्या गोळीची मागणी? दोन्ही कळा त्याच जागी उठतात आणि दोन्ही गोळीने थांबतात. आता जुनं दुखणं असलेल्या माणसाला स्वतःच्या दुखण्याची ओळख असते. कुठली खुर्ची चालते, किती वेळ उभं राहिलं की भोवतं, कुठली चमक दुर्लक्ष करण्यासारखी आणि कुठली थांबायला सांगणारी. दिवस त्याच ओळखीवर निघतो. ती ओळख पुसट होणं हा त्रास कुठल्या पत्रकावर मी छापलेला पाहिला नाही. माझ्या बाबतीत मात्र तराजू तिथेच कलला.

याला व्यसन म्हणत नाहीत, हेही सांगतो. मी ठरल्यापेक्षा एक गोळी जास्त घेतलेली नाही. नेमाने ओपिऑइड घेणाऱ्या कोणाचंही शरीर त्यावर विसंबायला लागतं. डॉक्टर व्यसन आणि हे विसंबणं वेगळं धरतात, आणि ते बरोबरच आहे. जांभयांना मात्र त्या फरकाशी देणंघेणं नसतं.

आता यावरचा सरळ उपाय काय? डोस वाढवणं. इथे आणखी एक गुंता आहे. काहींच्या बाबतीत औषधाचा असर कमी होतो, तेव्हा डोस वाढवून बरं वाटतं. काहींच्या बाबतीत मात्र ओपिऑइडमुळेच वेदनेची संवेदना तीव्र होते. दुखणं पसरतं, साधा स्पर्शही नकोसा वाटतो, आणि डोस वाढवला की आणखी बिघडतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: ‘डॉक्टर, पूर्वीसारखा गुण येत नाही.’ आणि ट्रॅमाडॉल ‘सौम्य’ म्हणून ओळखलं जातं, त्यावर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात रोजच्या डोसची मॉर्फिनशी तुलना करून ५० मिलिग्रॅमच्या आसपास पोचताना जरा थांबून फेरविचार करायला सांगितलंय. त्याच तक्त्यानुसार ५० मिलिग्रॅमच्या चार ट्रॅमाडॉल म्हणजे मॉर्फिनचे ४० मिलिग्रॅम झाले. २०१६ च्या तक्त्यात याच गोळ्या २० धरल्या जात होत्या.

घड्याळाचा त्रास ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडच्या, त्वचेवर चिकटवायच्या पॅचने बराच सुटतो, हे मान्य करायला हवं. पॅच सात दिवस चालतो, रक्तातली पातळी फारशी वरखाली होत नाही, आणि या औषधात श्वास मंदावण्याला एका मर्यादेनंतर आळा बसतो. तरी झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबतीला असेल तर ती मर्यादा कामाची नाही. ओपिऑइड घ्यायचंच ठरलं, तर मी आज पॅचबद्दल आधी विचारेन. फक्त त्यावर शेक घेता येत नाही. उष्णतेने औषध त्वचेतून भराभर आत जातं. कंबरदुखीच्या माणसाला गरम पाण्याची पिशवी जपून वापरा म्हणणं म्हणजे बघा. पॅच दंडावर लावला तर कंबर शेकायला मोकळी राहते, पण अंगात ताप असला तरी तेच होतं, तेव्हा ते लक्षात ठेवावं लागतं.

दुसरी बाजू रंगवून सांगत नाही. ड्युलोक्सेटिनने पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही. मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, घाम येतो तो वेगळाच, आणि दुखण्यावरचा असर दिसायला काही आठवडे लागतात. तोवर ‘ही नैराश्याची गोळी मला का दिली, दुखणं माझ्या मनात आहे असं म्हणायचंय का?’ हा प्रश्न डोकं खातो. तसं नसतं. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणारे वेदना दाबणारे जे मार्ग आहेत, त्यांना ती जोर देते. ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची दुसरी गोळीही रात्री अशीच देतात, नैराश्याला लागते त्याहून कितीतरी कमी डोसमध्ये. ड्युलोक्सेटिनही एकदम बंद करता येत नाही. चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. म्हणजे विसंबणं इथेही आहेच. पण ती दिवसातून एकदा घ्यायची, आणि घेतल्यावर दुपारपर्यंत विसरून जायची. आणि ट्रॅमाडॉलसोबत ड्युलोक्सेटिन आपल्या मनाने अजिबात सुरू करू नका. एकीकडे ट्रॅमाडॉलचा असर कमी होऊ शकतो, दुसरीकडे सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन वाढून धोका होतो.

खरं काम व्यायामाने केलं असं मला वाटतं, पण ते मोजून दाखवता येणार नाही. फिजिओने घातलेली अट अशी होती, की दुखेपर्यंत चालायचं नाही, ठरलेली मिनिटं चालायचं. बरं वाटत असलं तरी वेळ झाली की थांबायचं, आणि कंबर कुरकुरत असली तरी तेवढं चालायचंच. इथेही घड्याळ आलंच, पण ते वापरायचं माझ्या हातात होतं. माझं दुखणं आजही आहे, आणि खरं सांगायचं तर ट्रॅमाडॉलच्या चांगल्या तासापेक्षा जास्तच आहे. फक्त ते मला ओळखता येतं. सकाळची कळ कुठल्या कामाने आली ते दुपारी सांगता येतं.

अभ्यासाचा आधार हवा असेल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक आहे. अमेरिकेतल्या २४० माजी सैनिकांना, कंबरदुखी किंवा खुब्या-गुडघ्याच्या संधिवाताच्या, वर्षभर एकीकडे ओपिऑइड आणि दुसरीकडे इतर औषधं दिली. हिंडण्या-फिरण्यात फरक पडला नाही, वेदना इतर औषधांच्या गटात किंचित कमी होती, आणि औषधांचा त्रास ओपिऑइडच्या गटात जास्त. पण त्या दुसऱ्या गटात शेवटच्या पायरीवर ट्रॅमाडॉलही ठेवलेलं होतं, तेव्हा निकाल वाचताना तेवढं ध्यानात धरा. दुखणं वेगळ्या जातीचं असेल, मूत्रपिंडामुळे इतर गोळ्या चालत नसतील, बाकी सगळं करून झालं असेल, तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघू शकतं.

आधीच बरेच दिवस घेत असाल तर हे वाचून गोळी फेकून देऊ नका. एकदम बंद करणं धोक्याचं असतं. वर्षाहून जास्त घेतलेल्यांसाठी महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून हळू कमी करावं असं सीडीसीचं मत आहे, आणि माझाही उतार तसाच संथ गेला.

सुरू करायचंच असेल तर डॉक्टरांना आधी विचारा: या गोळीने मला काय करता यायला हवं, किती आठवड्यांनी ते तपासायचं, आणि नाही जमलं तर उतरायचं कसं. ‘दुखणं कमी होईल’ एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. आणि पहिली गोळी घ्यायच्या आधी पंधरवडाभर लिहून ठेवा, दुखणं कधी उठतं, कशाने वाढतं, किती वेळ टिकतं. पुढे डोस वाढवायचा प्रश्न आला की ती वही डॉक्टरांपुढे ठेवता येते. गोळीआधीचं दुखणं कसं होतं, हे नंतर आठवून सांगणं अवघड जातं.